ग्रीक पुतळ्याच्या मांडीवरचा चौकोन

माझी बायको गेली तेव्हा तिचं एक भाषण व्हायचं राहिलं होतं. आमच्या भागातल्या महिला मंडळात ती जुन्या ग्रीक लोकांवर तीन भाषणं देणार होती. दोन झाली. तिसऱ्याला अकरा दिवस होते. सकाळी दूध गॅसवर ठेवून ती स्टुलावर बसली, "जरा दमल्यासारखं वाटतंय" म्हणाली, आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. दूध उतू गेलं होतं. ते मी परत आल्यावर पुसलं.

हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. तिच्या दुसऱ्या भाषणात एक चूक झाली होती. ती चूक कुणाची, हे नीट लिहून ठेवायचं आहे.

मी चौथीपर्यंत शिकलेला. पुढं आधी हुबळीतल्या एका वर्कशॉपात आणि मग तारिहाळला फाउंड्रीत काम केलं. बीड म्हणजे ओतीव लोखंड, ते ओतायचं काम. पंपाच्या बॉड्या, मोटारीची झाकणं, असलंच सगळं. बायको लग्नात सातवी होती, लग्नानंतर शिकत गेली आणि शाळेत इतिहासाची बाई झाली. लोक विचारायचे, तुमचं जमतं कसं? मी म्हणायचो, ती घरात इतिहास शिकवत नाही, मी घरात बीड वितळवत नाही.

मी शेवटची बरीच वर्षं तपासणीला होतो. माल थंड झाला, वाळू झाडली, की माझ्यापुढं यायचा. हातात छोटा हातोडा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला की आत काहीतरी गडबड. ओतताना हवा अडकली तर बिडात भोक राहतं. कामगार त्या भोकात लोखंडाची पूड आणि चिकट लांबी, म्हणजे पुट्टी, कालवून भरायचे, वरून घासायचे, रंग मारायचे. मालकाला दिसत नाही, गिऱ्हाइकाला दिसत नाही. मला ऐकू यायचं. खडूनं फुली मारायची आणि भंगारात टाकायचं. त्यावरून माझ्या माघारी मला एक नाव ठेवलेलं होतं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मंडळात दर वर्षी चिठ्ठ्या टाकून विषय वाटतात. कुणाला इजिप्त, कुणाला चीन. हिला ग्रीक निघाले. रिटायर झालेली बाई, तिला तेवढंच पाहिजे होतं. मुलीनं पुण्याहून रंगीत चित्रांचं एक जाड इंग्रजी पुस्तक पाठवलं. मग आमच्या घरात तीन महिने ग्रीक लोक राहायला आले. भाजी निवडताना ग्रीक, कपडे वाळत घालताना ग्रीक. त्यांची नाटकं डोंगराच्या उतारावर व्हायची, दगडी पायऱ्यांवर हजारो माणसं बसायची, माइक नाही काही नाही, तरी शेवटच्या पायरीवर शब्द ऐकू यायचा. नट तोंडावर मुखवटे घालायचे. बायकांचं काम पण पुरुषच करायचे. "आपल्याकडं पण तसंच होतं की," मी म्हटलं. "म्हणून तर सांगतेय," ती म्हणाली. त्यांचे संगमरवरी पुतळे आता पांढरे दिसतात पण तेव्हा रंगवलेले होते, केस वेगळे, ओठ वेगळे, कपड्याचे काठ वेगळे. हे ऐकून मला बरं वाटलं. नुसता पांढरा पुतळा मला कधी पूर्ण झाल्यासारखा वाटलेला नाही.

एकदा जेवताना तिनं विचारलं, "अहो, कांशाचा माणसाएवढा पुतळा कसा ओतत असतील?"

"कुणी?"

"ग्रीकांनी हो. अडीच हजार वर्षांपूर्वी."

"ओततात तसा. साचा करून."

"अख्खा? का तुकड्यांत?"

मी घास खाली ठेवला. "तुकड्यांत म्हणजे? डोकं वेगळं, हात वेगळे, आणि मग डकवायचे?"

"पुस्तकात तसंच लिहिलंय. आणि कुठं भोक राहिलं तर तेवढा चौकोन कापून काढायचे, नवा तुकडा बसवायचे म्हणे."

"त्याला आम्ही रिजेक्ट म्हणतो. तुझे ग्रीक एवढे नावाजलेले ना? नावाजलेला कारागीर ठिगळ लावेल? त्या पुस्तकवाल्यानं जन्मात भट्टी बघितलीय का विचार."

"त्याला कुठं गाठू मी विचारायला?" ती हसली. "मग काय लिहू?"

"एका ओतणीत, सलग. लिही."

तिनं मला आमटी वाढली. विषय संपला असं मी समजलो.

दुसऱ्या भाषणाहून ती आली तेव्हा मी विचारलं, कसं झालं? "छान झालं," म्हणाली, आणि पातळ बदलायला आत गेली.

ती गेल्यावर वीसेक दिवसांनी मंडळाच्या अध्यक्षा घरी आल्या. सगळ्याजणी त्यांना अक्का म्हणतात, मीही म्हणतो. थोडा वेळ बसल्या, मग म्हणाल्या, "अण्णा, त्यांची वही असेल ना? तिसरं भाषण वहीतून कुणीतरी वाचून दाखवील. अर्धवट राहू नये."

"बघून देतो."

"काय तयारी करायच्या हो! दुसऱ्या भाषणाला धारवाडच्या प्रोफेसर बाईंशी केवढी जुंपली होती. पुतळे सलग का तुकड्यांचे. तुमच्या बाईसाहेब काही हटल्या नाहीत. प्रोफेसर बाईंना खाली बसावं लागलं."

अक्का गेल्या तशी वही काढली.

मी वाचतो बोट ठेवून. एवढी वही वाचायला मला चार दिवस लागले. तिचं अक्षर शाळेतल्या फळ्यासारखं, ठळक. नाटकाचं सगळं होतं, धावण्याच्या शर्यतींचं होतं, जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट मिळायचा ते होतं. घागरींवर काळ्या आणि तांबड्या रंगात चित्रं काढायचे, आणि चित्र काढणारा काही वेळा त्यावर आपली सही करायचा. हे वाचून मी थांबलो. आयुष्यभरात मी केलेल्या कुठल्याही बॉडीवर माझी सही नाही. फुलीच फक्त माझी.

मग पुतळ्यांचं पान आलं. तिनं लिहिलं होतं, "कांशाचे मोठे पुतळे तुकड्यातुकड्यांनी ओतत आणि मग जोडत. ओतकामात राहिलेले दोष कापून तिथे नवे तुकडे बसवत." या दोन्ही ओळींवर पट्टी धरून काट मारलेली. खाली नवी ओळ, "पुतळे एका ओतणीत, सलग." आणि बाजूला पेन्सिलीनं बारीक, "हे म्हणाले."

तिला बरोबर ठाऊक होतं. बरोबर लिहिलेलं होतं. मी सांगितलं म्हणून तिनं खोडलं, आणि तेच चाळीस बायकांपुढं उभं राहून सांगितलं.

तिसऱ्या भाषणाचं पान शेवटी होतं. विषय, ग्रीकांची थडगी. पण त्याच्या वर पहिला मुद्दा लिहिला होता, "मागच्या वेळची दुरुस्ती. (आधी ह्यांना विचारायचं. बघू कधी.)"

'बघू कधी' हे वाचल्यावर मला ती संध्याकाळ आठवली. ती जायच्या चार-पाच दिवस आधीची. मी बाहेर कट्ट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. ती पुस्तक आणि भिंग घेऊन आली. "अहो, जरा हे बघा की. ह्याच्या मांडीवर चौकोन दिसतोय."

"उजेड गेलाय. उद्या."

"उद्या म्हणजे कधी?"

"डोकं खाऊ नको गं. उद्या म्हणजे उद्या."

तिनं पुस्तक मिटून काखेत धरलं. मग मी फोडलेल्या शेंगांतले चार दाणे उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही, मलाही आठवलं नाही.

वही मिटली आणि पुस्तक काढलं. सकाळचं ऊन गॅलरीत येतं तिथं खुर्ची टाकली. इंग्रजी मला येत नाही, चित्रं येतात. तिनं त्या पानात कागदाची पट्टी घालून ठेवली होती. समुद्रातून वर काढलेला उघड्या पुरुषाचा पुतळा, अंगावर हिरवट झाक. भिंग धरलं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, काडेपेटीएवढा, लांबट चौकोन. रंग किंचित वेगळा. चारी कडा सरळ.

मी फोटोवर हातोडा मारू शकत नव्हतो. पण कडा बघून मला कळलं. चोरून केलेलं काम असं नसतं. लांबी भरतात तेव्हा भोकाच्या कडा वेड्यावाकड्या तशाच राहतात, वरून फक्त झाकतात. इथं माणसानं खराब भाग मापून कापला होता, चांगल्या धातूपर्यंत गेला होता, त्याच धातूचा तुकडा घडवून ठोकून बसवला होता. हे काम मला जमलं नसतं. आणि मी जन्मात कधी कांसं ओतलेलं नव्हतं. बीड जोडायला गेलं की तडकतं, त्यामुळं आमच्याकडं जोड म्हणजे खोटं. पण कांसं बीड नाही. एवढी साधी गोष्ट मी जेवणाच्या ताटावर विसरलो, कारण मला विचारलं जात होतं आणि मला ते आवडत होतं.

पुढच्या पानांवर थडग्यांचे दगड होते. एका दगडावर बाई खुर्चीत बसलेली, तिच्यापुढं पुरुष उभा, दोघांनी हात हातात घेतलेला. वहीत तिनं लिहिलं होतं, "बसलेली स्त्री बहुधा मृत. कोणीही रडत नाही. जणू बाहेर निघताना निरोप घेत आहेत." मी ते पान उलटलं.

प्रोफेसर बाईंचा पत्ता वहीच्या मागं होता. हुबळीहून चिगरी बस धरून धारवाडला गेलो. दार उघडून बाई कानडीत म्हणाल्या, "बर्री, कूड्री," म्हणजे या, बसा. मी कोण ते सांगितलं तेव्हा मराठीवर आल्या. "अरे देवा. या, आत बसा. वाईट झालं फार."

मी सरळ विचारलं, "त्या दिवशी भाषणात काय झालं?"

"सोडा हो. काय एवढं."

"सांगा."

"मी म्हटलं, पुतळे सलग नव्हते, सगळीकडं तसंच लिहिलेलं आहे. तर त्या काय म्हणाल्या माहितीय? 'मॅडम, तुम्ही वाचलंय, मीही वाचलंय. आमच्या घरच्यांनी ओतलंय.' सगळ्या हसल्या. मग मी काय बोलणार? बसले खाली." बाई स्वतःही हसल्या. "अभिमान होता बरं का त्यांना. चिडचिड झाली माझी, पण अभिमान दिसत होता."

"तुमचं बरोबर होतं."

"ते मला ठाऊक आहे की."

"मग मला नीट सांगा, ते कसं करायचे. मला सभेत सांगायचंय."

बाईंनी कपाटातून दोन पुस्तकं काढली आणि तासभर सांगितलं. आत मातीचा गाभा, त्यावर मेणाचा पातळ थर, बाहेर परत माती. तापवलं की मेण वितळून वाहून जातं, त्या जागी कांसं ओतायचं. म्हणून पुतळा आत पोकळ. डोकं, हात, पाय वेगवेगळे ओतायचे आणि वितळलेलं कांसंच ओतून सांधायचे. मग डोळे बसवायचे, दगडाचे, काचेचे. ओठ तांब्याचे. एखाद्याचे तर दात चांदीचे. यातले बहुतेक पुतळे पुढं लोकांनी वितळवून टाकले. जे समुद्रात बुडाले होते ते राहिले.

मी मध्येच विचारलं, "मेण निघून गेल्यावर आतला गाभा हलत का नाही?"

"खिळे असतात. आरपार. गाभा आणि बाहेरची माती धरून ठेवायला."

"आमच्याकडं पण असतात."

"बघा," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण सभेत कशाला सांगताय? त्या गेल्या. त्यांची एवढीशी चूक आता उकरून—"

"तिची नाहीच."

मी वही काढून ते पान पुढं केलं. त्यांनी काट मारलेल्या ओळी वाचल्या, पेन्सिलीचं वाचलं, मग शेवटचं पान वाचलं. चष्मा काढून पदरानं पुसला.

"चहा टाकते," म्हणाल्या.

अक्कांना मी फोन केला की वही देतो, पण दहा मिनिटं मला बोलायचं आहे.

"अण्णा, आमच्याकडं पुरुष बोलत नाहीत हो. मंडप बांधायला येतात तेवढेच."

"तिच्या यादीतला पहिला मुद्दा आहे. तो मलाच सांगावा लागणार."

अक्का म्हणाल्या, "बरं. दहा म्हणजे दहाच. बायकांना घरी जाऊन स्वयंपाक असतो."

मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अप्पा, जाऊ दे ना. कुणाच्या लक्षात आहे?" मी म्हटलं, "प्रोफेसर बाईंच्या लक्षात आहे. माझ्या लक्षात आहे. आणि तुझ्या आईनं यादीत एक नंबरला लिहिलंय." मग तिनं विचारलं, "कुठला शर्ट घालणार?" मी सांगितलं. "तो नको," म्हणाली.

सभेत चाळीस-पन्नास बायका होत्या. आधी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली. मग अक्कांनी मला बोलावलं. भाषण असं मी केलं नाही. मेणाचं सांगितलं, गाभ्याचं सांगितलं, खिळ्यांचं सांगितलं. पुस्तक उघडून मांडीवरचा चौकोन दाखवला. पुस्तक हातोहात फिरलं. एकजण दुसरीला कुजबुजली, "कपडे तरी घालायचे गं त्याला," आणि त्या रांगेत हशा झाला. तो मी होऊ दिला.

मग वहीतलं पान वाचलं. खोडलेल्या ओळी आधी, मग खालची ओळ, मग पेन्सिलीचं. म्हटलं, "तुमच्या बाईंनी तुम्हाला चुकीचं सांगितलं ते माझ्यामुळं. तिनं पुस्तक वाचून बरोबर लिहिलं होतं. मी पुस्तक न बघता नाही म्हटलं. मला बिडाचं कळतं, कांशाचं कळत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. ती आज हे स्वतः सांगणार होती. मला विचारून सांगणार होती. तिनं विचारलं तेव्हा मी शेंगा फोडत होतो."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "ठाऊक असून तुमचं ऐकलं होय? आम्ही सगळ्या तेच करतो की हो." परत हशा झाला, पण बारीक.

माझी दहा मिनिटं झाली होती. अक्कांनी थडग्यांचं भाषण वहीतून वाचलं. मी भिंतीकडच्या खुर्चीत बसून राहिलो. हातात हात घेतलेल्या दगडाचं आलं तेव्हा सभेत पंख्यांचाच आवाज होता. नंतर लाडू आणि चहा आला. पण मी उठलो नाही, कारण माझं काम राहिलं होतं. दर सभेला काय काय झालं ते मंडळाच्या वहीत लिहितात, त्याला इतिवृत्त म्हणतात. पुतळे सलग ओतत असं मागच्या इतिवृत्तात तिच्या नावापुढं लिहिलेलं होतं.

मी अक्कांना म्हटलं, ते बदलायला पाहिजे.

"मागचं खोडता येत नाही, अण्णा. मंजूर झालंय ते."

"खोडू नका. खोडणं एकदा झालंय. आजच्यात लिहा."

"काय लिहू?"

मी सांगितलं. "लिहा, मागच्या भाषणात पुतळे सलग ओतत असं सांगितलं गेलं, ते चूक. बाईंनी आधी बरोबरच लिहिलं होतं. नवऱ्यानं भट्टीचा तोरा दाखवून बदलायला लावलं."

अक्कांनी पेन थांबवलं. "'तोरा' असं इतिवृत्तात लिहीत नाहीत हो."

"मग काय लिहितात?"

"'पतीच्या आग्रहास्तव' लिहू?"

"आग्रह लाडवाचा करतात. तोराच होता. तोरा लिहा."

चहाचे कप घेऊन उभ्या असलेल्या बायका आमच्याभोवती गोळा झाल्या. अक्कांनी वहीचं पान सरळ केलं. मग म्हणाल्या, "सूचक कोण? कुणाचं तरी नाव लागतं."

"माझं घाला."

"तुम्ही सभासद नाही. पुरुषाला होता येत नाही."

मी वही हातात धरून उभा राहिलो. तेवढ्यात धारवाडच्या प्रोफेसर बाईंनी कप टेबलावर ठेवला. "सूचक मी," म्हणाल्या. "माझं नाव लिहा."

"अनुमोदन?"

सात-आठ हात वर गेले. मागच्या त्या म्हातारीचा हात सगळ्यांच्या वर होता, लाडवासकट. अक्कांनी तिचं नाव घातलं, वही पुढं ओढली आणि ओळ लिहायला लागल्या. मी वाकून बघत होतो. 'नवऱ्याने भट्टीचा' इथपर्यंत आल्यावर त्या जरा अडखळल्या. मग 'तोरा' लिहिलं.